पवनचक्कीसाठी तैलदाबाचे बदलत्या गतीचे शक्तिप्रेषण
ग्रामसेवक व शेतकरी यांच्यासाठी एक अभ्यासपाठ

पाठाचा हेतू

ट्रॅक्टरची मागची ओढणी उचलणारा तेलाचा दाब शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे. खोदाईयंत्राचा हात, मालगाडीची उलटणारी ट्रॉली, ऊसतोडणी यंत्राची चाके ही सर्व कामे तेलाच्या दाबानेच होतात. त्यामुळे खेड्यातील एखाद्या कुशल कारागिराच्या मनात असा विचार येणे स्वाभाविक आहे की, जुन्या ट्रॅक्टरचा तेलपंप पवनचक्कीच्या आसास जोडावा, तेलाच्या नळ्या खाली आणाव्यात आणि त्या तेलावर जमिनीवरील जनित्र फिरवावे. या कल्पनेत तथ्य आहे. मोठमोठ्या देशांतील अभियंत्यांनी तिच्यावर अनेक वर्षे काम केले आहे. परंतु हिशेब न करता केवळ उत्साहाने असे यंत्र उभारले, तर शेतकऱ्याचे पैसे वाया जातात आणि प्रसंगी जिवासही धोका पोहोचतो.

असा प्रस्ताव घेऊन कोणी ग्रामसेवकाकडे आल्यास त्याची पारख कशी करावी, हे प्रस्तुत पाठात सांगावयाचे आहे. यासाठी उच्च गणिताची गरज नाही. गुणाकार, भागाकार व थोडा धीर एवढे पुरे आहे.

१. वाऱ्याची शक्ती व पात्यांचा वेग

वाऱ्याच्या शक्तीचा पहिला नियम असा की, वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याची शक्ती दुप्पट न होता आठपट होते. उलट वेग निम्मा झाला तर शक्ती एक-अष्टमांश उरते. या एका नियमावर पुढील सर्व विवेचन उभे आहे.

वाऱ्यातील सर्व शक्ती पात्यांस काढून घेता येत नाही. हवा पात्यांपाशी पूर्ण थांबली तर मागून येणाऱ्या हवेस वाट राहणार नाही. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी १९२० मध्ये दाखवून दिले की, कोणत्याही पवनचक्कीस वाऱ्यातील शक्तीचा फार तर ५९.३ टक्के भाग मिळू शकतो. चांगल्या लहान यंत्रास ४० टक्के मिळाले तरी ते समाधानकारक मानावे.

दुसरा नियम पात्यांच्या वेगाचा. तीन पात्यांच्या वीजनिर्मितीच्या पवनचक्कीत पात्याच्या टोकाचा वेग वाऱ्याच्या वेगाच्या सुमारे सहापट असला, म्हणजे ती वाऱ्यातून अधिकात अधिक शक्ती घेते. याहून हळू फिरली तर हवा पात्यांच्या फटींतून तशीच निसटते. याहून वेगाने फिरली तर पाती वाऱ्याच्या वाटेत भिंतीसारखी आड येतात. म्हणून वारा वाढेल तसे पात्यांचे फेरे वाढावेत व वारा उतरेल तसे ते कमी व्हावेत, ही पात्यांची गरज आहे.

२. अडचण कोठे उत्पन्न होते

जनित्राची गरज नेमकी याच्या उलट आहे. आपल्या देशात विजेचा प्रवाह सेकंदास ५० आवर्तनांचा असतो. चार ध्रुवांचे समकालिक जनित्र या वीजजाळ्यास जोडावयाचे, तर ते मिनिटास बरोबर १,५०० फेरे फिरलेच पाहिजे. एक फेरा कमी नाही व एक अधिक नाही. म्हणजे एका टोकाला वाऱ्याप्रमाणे गती बदलू पाहणारी पाती आणि दुसऱ्या टोकाला गती मुळीच बदलू न देणारे जनित्र, अशी ही जोडी आहे.

दातेरी चक्रांची पेटी, जिला आपण गिअरपेटी म्हणतो, ती गती वाढविते; परंतु वाढीचे प्रमाण तिच्यात कायमचे ठरलेले असते. अशा पेटीने पाती व जनित्र जोडल्यास पाती एकाच गतीने फिरतात आणि वाऱ्याच्या बहुतेक वेगांस त्यांची गती चुकीची ठरते. शिवाय वाऱ्याचा प्रत्येक झोत दातांवर घणासारखा बसतो.

आजच्या बहुतेक मोठ्या पवनचक्क्यांत यावर विजेच्या मार्गाने उपाय केलेला असतो. पात्यांस वाऱ्याप्रमाणे फिरू देतात, त्यामुळे कमीअधिक आवर्तनांची वीज निर्माण होते, आणि ती इलेक्ट्रॉनिक परिवर्तकातून काढून जाळ्यास मानवेल अशी करून घेतात. दुसरा उपाय यांत्रिक मार्गाचा. पाती व जनित्र यांच्यामध्येच असे काही ठेवावयाचे की, एका बाजूस फेरे कितीही बदलले तरी दुसऱ्या बाजूस ते तेवढेच राहावेत. तेलाच्या दाबावर चालणारे शक्तिप्रेषण हे असे साधन होय.

३. तैलप्रेषणाची मूळ कल्पना

यात तीन मुख्य भाग असतात : पात्यांच्या आसावर बसविलेला पंप, तेल नेणाऱ्या व परत आणणाऱ्या नळ्या, आणि जनित्रास जोडलेली, तेलावर चालणारी मोटार. पाती फिरली की पंप तेल ढकलतो. ते तेल मोटारीतून जाताना तिला फिरविते व निवळलेल्या दाबाने पंपाकडे परत येते.

आता खुबी मोटारीत आहे. ही मोटार दर फेऱ्यास किती तेल गिळील, हे तिच्या आतील तिरक्या तबकडीचा कोन बदलून कमीजास्त करता येते. पंपाकडून तेल कमी येऊ लागले तर मोटारीचा घोट लहान करावा. तेल अधिक येऊ लागले तर घोट मोठा करावा. फेरे मात्र १,५०० च राहतात. विहिरीवरची मोट मोठी असो वा लहान, बैलांची येरझार तीच ठेवता येते, तसेच हे समजावे.

कापणी-मळणी यंत्रात हीच रचना उलट वापरलेली असते. तेथे इंजिनाचे फेरे कायम असतात व चालक एका दांड्याने चाकांची गती बदलतो. पवनचक्कीत येणारी गती बदलती व जाणारी गती कायम, एवढाच फरक.

४. नमुन्याचा हिशेब : पाती

१० मीटर व्यासाची पवनचक्की घेऊ. वाऱ्याचा पूर्ण शक्तीचा वेग सेकंदास १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर, धरू.

पात्यांनी झाडलेले क्षेत्र ७८.५ चौरस मीटर होते. ४० टक्के शक्ती मिळते असे धरल्यास सोपे सूत्र असे : क्षेत्रास वाऱ्याच्या वेगाच्या घनाने गुणावे व ०.२४ ने गुणावे. उत्तर वॉटमध्ये येते. ७८.५ × १,००० × ०.२४ = १८,८४०. म्हणजे सुमारे १८.८ किलोवॉट, अर्थात २५ अश्वशक्ती. ही किंमत समुद्रसपाटीजवळची आहे. सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीसारख्या उंच पठारावर हवा विरळ असल्याने तीतून एक-दशांश किंवा थोडे अधिक वजा करावे.

पात्याच्या टोकाचा वेग वाऱ्याच्या सहापट, म्हणजे सेकंदास ६० मीटर. वर्तुळाचा परीघ ३१.४ मीटर. भागाकार केल्यास मिनिटास सुमारे ११५ फेरे येतात.

आसावर येणारा पीळ काढण्यासाठी किलोवॉटला ९,५५० ने गुणून फेऱ्यांनी भागावे. येथे तो सुमारे १,५७० न्यूटन-मीटर येतो. एक मीटर लांब दांड्याच्या टोकास १६० किलोग्रॅम वजन टांगले असता जेवढा पीळ पडेल तेवढा हा आहे. पवनचक्कीचा आस हळू फिरतो. म्हणून थोड्या शक्तीसही त्याचा पीळ फार मोठा असतो. पुढील सर्व अडचणींचे मूळ येथे आहे.

५. पंप किती मोठा पाहिजे

तेलाचा दाब पूर्ण भारास २०० बार ठेवू. एक बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोग्रॅमचा भार. दर फेऱ्यास पंपाने किती घन सेंटिमीटर तेल ढकलावे, हे काढण्यासाठी पिळास ६२.८ ने गुणून दाबाने भागावे. १,५७० × ६२.८ ÷ २०० = ४९३. म्हणजे आपणास सुमारे ५०० घन सेंटिमीटरचा, जवळजवळ अर्धा लिटर तेल दर फेऱ्यास ढकलणारा, पंप हवा.

आता ट्रॅक्टरचा पंप पाहा. त्यातील सामान्य दातेरी पंप दर फेऱ्यास साधारण १० ते २५ घन सेंटिमीटर तेल ढकलतो, आणि मिनिटास ५०० ते ६०० फेऱ्यांपेक्षा हळू फिरविल्यास तेल आतल्या आत मागे झिरपून दाब नीट धरीत नाही. २० घन सेंटिमीटरचा पंप या आसास थेट जोडला, तर २०० बार दाबास तो केवळ ६४ न्यूटन-मीटर पीळ पेलील. म्हणजे गरजेच्या एक-पंचविसांश. उरलेल्या पिळास विरोध करणारे काहीच नसल्याने पाती बेफाम फिरतील. गतीवाढीची दातेरी पेटी मध्ये घातली तर पंप चालेल. परंतु मग जी पेटी टाळावयाची होती तीच परत आली आणि तिच्या जोडीस तेलाची तूटही आली. ट्रॅक्टरच्या पंपावर आधारलेला प्रस्ताव बहुधा येथेच संपतो.

या कामास योग्य असा पंप म्हणजे मंदगतीचा, आसाभोवती आऱ्यांसारखे दट्टे मांडलेला. काही साखर कारखान्यांत उसाचे रूळ फिरविण्यास अशा जातीच्या मंदगती तेलमोटारी बसविलेल्या असतात. तसेच यंत्र पंप म्हणून उलट वापरता येते. परंतु त्याचे वजन व किंमत या दोन्ही गोष्टी ट्रॅक्टरच्या पंपाच्या कितीतरी पट असतात, हे आधीच ध्यानात घ्यावे.

६. मोटार व दाबाचे नियमन

५०० घन सेंटिमीटरचा पंप ११५ फेऱ्यांत मिनिटास सुमारे ५७ लिटर तेल देतो. ते १,५०० फेऱ्यांत गिळावयाचे, तर मोटारीचा पूर्ण घोट ३८ घन सेंटिमीटरचा हवा. वारा निम्म्यावर आला की फेरेही निम्मे व तेलही निम्मे. तेव्हा मोटारीचा घोट १९ वर आणावा लागतो.

दाबाचे काय होते? पात्यांचा पीळ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो आणि पंपाचा घोट कायम असल्याने दाबही तसाच बदलतो. म्हणून या यंत्राचा नियम असा सांगता येईल : फेरे दुप्पट तर दाब चौपट. नियंत्रकाने आसाचे फेरे मोजावेत व त्या फेऱ्यांस योग्य दाब किती, हे पाहावे. प्रत्यक्ष दाब त्याहून अधिक असेल तर वारा वाढला असे समजून मोटारीचा घोट मोठा करावा, म्हणजे पाती वेग घेतील. दाब कमी असेल तर घोट लहान करावा. वारा मोजणारे साधन लांब खांबावर बसवून त्याच्यावर विसंबण्यापेक्षा हा मार्ग खात्रीचा आहे, कारण येथे पाती स्वतःच वारा मोजीत असतात.

७. तूट कोठे होते

आतापर्यंतचा हिशेब तूट न धरता केला. पंप, मोटार व नळ्या चांगल्या प्रतीच्या असल्या, तर पूर्ण भारास पंपात १० टक्के, मोटारीत १० टक्के व नळ्यांत ३ टक्के जातात असे धरू. मग सुमारे ७९ टक्के शक्ती जनित्रापर्यंत पोहोचते. दातेरी पेटीच्या एका टप्प्यात साधारणतः एक ते दोन टक्केच जातात, हे तुलनेसाठी लक्षात ठेवावे.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की, या तुटीचा एक भाग भार कमी झाला तरी कमी होत नाही. मोटार १,५०० फेरे फिरतच असते. तिचे दट्टे, तबकडी व धारवे घासतच असतात. तेल भरून ठेवणारा लहान पंपही चालूच असतो. आपल्या यंत्रात पूर्ण भारास एकूण तूट ४ किलोवॉट आहे. उदाहरणापुरते असे धरू की, त्यांपैकी १ किलोवॉट कायमची व उरलेली ३ किलोवॉट भाराच्या प्रमाणात बदलणारी आहे. तेल झिरपण्यामुळे प्रवाहात पडणारा फरक सोडून दिल्यास पुढील कोष्टक तयार होते.

| वारा (मीटर, सेकंदास) | पात्यांचे फेरे (मिनिटास) | पात्यांची शक्ती (किलोवॉट) | दाब (बार) | तेल (लिटर, मिनिटास) | मोटारीचा घोट (घन सें.मी.) | जनित्रास मिळणारी शक्ती (किलोवॉट) |
|---|---|---|---|---|---|---|
| ४ | ४६ | १.२ | ३२ | २३ | १५ | जवळजवळ शून्य |
| ५ | ५७ | २.४ | ४९ | २९ | १९ | १.० |
| ६ | ६९ | ४.१ | ७१ | ३४ | २३ | २.४ |
| ८ | ९२ | ९.६ | १२६ | ४६ | ३१ | ७.१ |
| १० | ११५ | १८.८ | १९७ | ५७ | ३८ | १४.८ |

हे कोष्टक सावकाश वाचावे. १० मीटरच्या वाऱ्यास यंत्र उत्तम दिसते. ६ मीटरला पात्यांच्या शक्तीचा सुमारे ५९ टक्के भाग हाती येतो, ५ मीटरला सुमारे ४१ टक्के, आणि ४ मीटरला पाती फिरत असूनही सर्व शक्ती तेल गरम करण्यात जाते. विक्रेता नेहमी शेवटची ओळ दाखवितो; शेतकऱ्याने वरच्या ओळी विचारल्या पाहिजेत. कारण वर्षातील बहुसंख्य तास वारा मंदच असतो. महाराष्ट्रात वाऱ्याचा जोर मुख्यतः जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत असतो व पुढे तो बराच उतरतो. पिकास विहिरीच्या पाण्याची निकड मात्र फेब्रुवारी ते मे या काळात असते.

८. नळ्या, तेल व उष्णता

दाबाच्या नळीत तेलाचा वेग सेकंदास ४ मीटरच्या आसपास ठेवावा. ५७ लिटरच्या प्रवाहास त्यासाठी आतून सुमारे १८ ते २० मिलिमीटर व्यासाची नळी लागते. पंपाकडे तेल येण्याच्या नळीत वेग १ मीटरच्या आत असावा. तिचा व्यास ४० मिलिमीटरच्या खाली नसावा. अरुंद नळीने पैसे वाचतात असे वाटते. परंतु तीतून ढकलताना जी शक्ती जाते ती दररोज जाते.

पंप मनोऱ्यावर व टाकी जमिनीवर, अशी मांडणी कधीही करू नये. विहिरीवरील पंप ७-८ मीटरच्या खालचे पाणी ओढीत नाही, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. हवेचा दाब जेवढे ढकलील तेवढेच वर येते, आणि तेलासही तोच नियम लागू आहे. १८ मीटर उंच मनोऱ्यावरील पंप खालचे तेल ओढू गेल्यास त्यात पोकळी निर्माण होऊन तो थोड्याच अवधीत निकामी होतो. म्हणून परतीच्या नळीतही लहान पंपाच्या साह्याने सुमारे १५ ते २० बार दाब कायम ठेवावा. वाऱ्याच्या दिशेप्रमाणे पवनचक्कीचे डोके वळते. नळ्या खाली आणावयाच्या असल्यास त्यांस पीळ पडू नये यासाठी दाब सोसणारा फिरता सांधा अवश्य असतो, आणि गळतीची पहिली जागा बहुधा तीच असते.

तूट झालेली शक्ती नाहीशी होत नाही. ती उष्णतेच्या रूपाने तेलात उतरते. ६० लिटर तेलात ४ किलोवॉट उष्णता मिसळत राहिली, तर दर २५ सेकंदांस तेल सुमारे १ अंश तापते. म्हणजे दहा मिनिटांत २४ अंश. तेल ६० ते ६५ अंश सेल्सियसच्या वर गेले की पातळ होते, अधिक झिरपते व रबरी कड्या कडक होतात. म्हणून हवेने थंड करणारी जाळी व मोठी टाकी यांचा खर्च आराखड्यात प्रथमच धरावा. तेल स्वच्छ राहणे तितकेच महत्त्वाचे आहे. दट्टे व सिलिंडर यांमधील फट केसाहूनही बारीक असते. धुळीच्या दिवसांत झाकण उघडून तेल ओतण्याची ट्रॅक्टरवरील सवय येथे चालणार नाही.

९. सुरक्षितता

तैलप्रेषणाच्या पवनचक्कीत पात्यांस आवरून धरणारी वस्तू म्हणजे तेलाचा दाब. नळी फुटली की दाब जातो, भार नाहीसा होतो आणि पाती मोकळी सुटतात. सेकंदास ६० मीटर वेगाने जाणारे टोक काही क्षणांत त्याहून किती तरी अधिक वेग घेते आणि पाते तुटून दूरवर फेकले जाऊ शकते. वीज गेली व जनित्र जाळ्यापासून सुटले तरी असाच प्रसंग ओढवतो.

यास्तव पुढील चार गोष्टींवाचून असे यंत्र उभारू देऊ नये. पहिली, तेलावर मुळीच न विसंबणारा, दाब जाताच स्प्रिंगने आपोआप लागणारा ब्रेक आसावर असावा. दुसरी, वारा वाढताच पाती वळविणारी किंवा सबंध डोके वाऱ्यापासून फिरविणारी स्वतंत्र योजना असावी. कारण वारा १० वरून १२ मीटर झाला तरी शक्ती पावणेदोनपट होते. तिसरी, पंपाच्या तोंडाशीच जादा दाब सोडणारी झडप असावी. कारागीर तिला रिलीफ व्हॉल्व्ह म्हणतात. २०० बारच्या यंत्रात ती सुमारे २४० बारला उघडावी. ही झडप झोताचा धक्का घेते. ब्रेकचे काम ती करीत नाही. चौथी, नळ्यांवर आवरण असावे.

येथे एक कडक सूचना द्यावयाची आहे. नळीस सुईएवढे छिद्र पडले असता त्यातून निघणारी तेलाची धार कातडी भेदून आत शिरते. जखम ठिपक्याएवढी दिसते व प्रथम दुखतही नाही. परंतु हात वा बोट गमावण्याचा प्रसंग येतो. गळती कधीही हाताने चाचपू नये. पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावी. अशी इजा झाल्यास वेळ न दवडता शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे.

१०. मोठ्या यंत्रांचा अनुभव

हा मार्ग जगात कोणकोणी चोखाळला, हे पाहणे उद्बोधक आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात पाम स्प्रिंग्जजवळ बेंडिक्स कंपनीने ३ मेगावॉटची एक पवनचक्की उभारली. तिच्यात दातेरी पेटीऐवजी अनेक तेलपंप व अनेक तेलमोटारी होत्या. ती प्रयोगाच्या पुढे गेली नाही.

या कामास पुढे नवी दिशा मिळाली ती स्कॉटलंडमधील एडिंबरो विद्यापीठात. तेथील प्राध्यापक स्टीफन सॉल्टर यांनी १९७० च्या दशकात समुद्राच्या लाटांपासून वीज काढण्याचा प्रयत्न केला. लाटाही वाऱ्यासारख्याच लहरी. म्हणून मंद भारास तूट कमी कशी करावी, हा प्रश्न त्यांच्या गटापुढे आला. त्यांनी शोधलेला उपाय साधा आहे. पंपाच्या प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र, विजेने चालणारी झडप द्यावयाची व या फेऱ्यात कोणत्या सिलिंडरने काम करावे आणि कोणत्याने विसावा घ्यावा, हे संगणकाने ठरवावयाचे. विसावलेल्या सिलिंडरात तेल दाबाखाली येतच नाही, म्हणून तूट अत्यल्प होते. वर कोष्टकात आपण पाहिलेल्या दुखण्यावरचे हे नेमके औषध होय. या कामासाठी १९९४ मध्ये आर्टेमिस नावाची कंपनी निघाली व २०१० मध्ये जपानच्या मित्सुबिशी हेवी इंडस्ट्रीजने ती विकत घेतली.

२०१५ मध्ये स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर हंटर्स्टन येथे या पद्धतीची, १६७ मीटर व्यासाची, ७ मेगावॉटची पवनचक्की सुरू झाली. त्याच वर्षी जपानमध्ये फुकुशिमाच्या समुद्रात तरंगत्या तळावर तशीच दुसरी उभारण्यात आली. परंतु समुद्रावरील ही पवनचक्की अपेक्षेपेक्षा फारच कमी वेळ चालली व ती परवडत नाही असे ठरून २०१८ मध्ये ती काढून टाकण्याचा निर्णय झाला. कल्पना योग्य, कारागिरी उत्तम, पाठीशी मोठे भांडवल. तरीही दीर्घकाळ बिनतक्रार चालणे व किमतीत इतरांस मागे टाकणे या दोन कसोट्या बाकी राहिल्या. दरम्यान विजेचे परिवर्तक स्वस्त व भरवशाचे झाले, हेही तैलप्रेषण मागे पडण्याचे एक कारण होय.

११. ग्रामसेवकाने विचारावयाचे प्रश्न

प्रस्ताव समोर आल्यास तो एकदम नाकारू नये अथवा स्वीकारूही नये. पुढील प्रश्न विचारून उत्तरे कागदावर मागावीत.

(१) त्या जागेवर महिनावार वारा किती आहे व तो कोणत्या उंचीवर मोजला?
(२) पूर्ण भारास आसावरील पीळ किती व पंपाचा दर फेऱ्याचा घोट किती? वरील सूत्राने दोन्ही जुळतात काय?
(३) ५ व ६ मीटरच्या वाऱ्यास जनित्रातून प्रत्यक्ष किती शक्ती मोजली गेली?
(४) नळी फुटल्यास पाती कशाने थांबतात? ते करून दाखविता येईल काय?
(५) तेल, गाळण्या व रबरी कड्या वर्षाकाठी कितीच्या लागतात व त्या जवळच्या गावी मिळतात काय?
(६) तेल जमिनीत वा विहिरीत गळू नये यासाठी खाली हौद केला आहे काय?

यांपैकी चौथ्या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नसेल तर पुढे विचार करू नये. दुसऱ्याचे किंवा तिसऱ्याचे नसेल तर शेतकऱ्यास कर्ज काढून यंत्र न घेण्याचा सल्ला द्यावा. शेतातील पाणी उपसण्याचीच गरज असेल, तर सौरपंपाचा खर्चही शेजारी मांडून पाहावा. उन्हाळ्यात पाण्याची निकड व उन्हाचा जोर एकाच वेळी येतात, हा त्याचा मोठा फायदा आहे. वीज परिवर्तकाच्या जुन्या व रुळलेल्या मार्गाने मिळणारी लहान पवनचक्कीही तुलनेस घ्यावी.

मात्र तंत्रनिकेतन, कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा एखादी सुसज्ज कार्यशाळा अभ्यास म्हणून हे यंत्र करू इच्छीत असेल, तर त्यास उत्तेजन द्यावे. मनोरा न उभारता जमिनीवरच विजेच्या मोटारीने मंदगती आस फिरवून पंप, मोटार व नियंत्रक यांची परीक्षा घेता येते, आणि कोष्टकातील शेवटचा रकाना गृहीत न धरता प्रत्यक्ष मोजून भरता येतो.

सारांश

पाती बदलत्या गतीने व जनित्र कायम गतीने फिरावे, ही अडचण तेलाच्या दाबाने सुटू शकते. पंपाचा आकार आसाच्या पिळावरून ठरतो, अश्वशक्तीवरून नव्हे. म्हणून ट्रॅक्टरचा पंप या कामास पुरत नाही. यंत्राची खरी परीक्षा जोराच्या वाऱ्यात नसून मंद वाऱ्यात आहे. आणि दाब गेला तरी पाती थांबली पाहिजेत.

स्वाध्याय : ७ मीटर व्यासाच्या पवनचक्कीस सेकंदास ९ मीटर वाऱ्यात पूर्ण शक्ती मिळते व तेलाचा दाब १६० बार ठेवावयाचा आहे. पाठातील सूत्रांनी शक्ती, फेरे, पीळ व पंपाचा घोट काढा. उत्तरे अनुक्रमे सुमारे ६.७ किलोवॉट, १४७ फेरे, ४३७ न्यूटन-मीटर व १७० घन सेंटिमीटर अशी आली पाहिजेत. गावातील कारागिरांसमवेत बसून हा हिशेब एकदा फळ्यावर करावा.